वही, वस्तु आणि मधला दुभाष्या

ज्या गांवांतून मी आपणांशीं बोलत आहें, त्या गांवाच्या नांवाचीच एक हकीकत आरंभीं सांगतों. कारण आजच्या भाषणाचें सारें मर्म तिच्यांत आहे. ता. ३० एप्रिल १९३६ रोजीं महात्मा गांधी वर्ध्याहून येथें राहावयास आले, तेव्हां ह्या खेड्याचें नांव शेगांव असें होतें. गांधीजी आले आणि त्यांच्यामागून जगभरचें टपालहि येऊं लागलें. परंतु शेगांव नांवाचें दुसरें एक गांव बुलढाणा जिल्ह्यांत, मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे. गजानन महाराजांच्या समाधीमुळें तें सर्वांस ठाऊक आहे. पत्रावर नुसतें 'शेगांव' लिहिलेलें असलें म्हणजे टपालवाल्यानें तें कोठें न्यावें? पत्रें चुकूं लागलीं, आणि अखेर १९४० सालीं आमच्या गांवाचें नांव पालटून सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें.

गांव तेंच राहिलें, विहिरी त्याच, शेतें तींच, माणसेंहि तींच. पालटलें तें फक्त नांव. आणि तेंहि लोकांसाठीं नव्हे, टपालाच्या थैलीसाठीं. पुढें टपालखात्यानें ह्या रोगावर कायमचा उपाय काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांनीं आंखलेली पिनकोडची पद्धति ता. १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलांत आली, आणि सेवाग्रामच्या वांट्याला ४४२१०२ हा आंकडा आला. आतां नांवाचे कितीहि जुळे निघाले तरी पत्र चुकण्याचें कारण उरलें नाहीं.

हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, माणूस ज्या रीतीनें वस्तु ओळखतो, त्या रीतीनें वही ती ओळखत नाहीं. सेवाग्राम म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बापूकुटी उभी राहते, प्रार्थनाभूमि दिसते. वहीपुढें मात्र सहा आंकडे असतात. हीं दोन जगें आहेत, आणि त्यांच्यामध्यें कोणीतरी दुभाष्या असावाच लागतो. आधुनिक संगणकाच्या दुनियेंत ह्या दुभाष्याला 'ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग' असें बोजड नांव आहे. त्याचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

मी जुना मॅट्रिक. माझें आयुष्य खडू आणि फळा यांत गेलें. असल्या विषयावर मीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. पण माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास प्रोग्रॅम लिहिण्याचा धंदा करतो. तो दिवाळींत घरीं आला असतां मीं त्याला विचारलें, "बाबा रे, तूं दिवसभर करतोस तरी काय?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शाळेंत वह्यांवरून दाखले लिहीत होतां ना? मी तेंच करतों, फक्त यंत्राकडून करवून घेतों." त्याच्या ह्या एका वाक्यानें मला वाट सांपडली. पुढील दोन-तीन सुट्यांत मीं त्याच्याकडून हा विषय धड्याप्रमाणें शिकून घेतला.

शाळेचेंच उदाहरण घ्या. एक मुलगी शाळेंत आहे. शिक्षकाच्या दृष्टीनें ती एकच, अखंड, हसणारी-रुसणारी व्यक्ति आहे. परंतु शाळेच्या कपाटांत ती एके ठिकाणीं नसते. तिचें नांव व जन्मतारीख जनरल रजिस्टरांत, तिची उपस्थिति हजेरीपटावर, तिचे गुण निकालपत्रकांत आणि तिची फी पावतीपुस्तकांत. अशी ती चार वह्यांत विखुरलेली असते. ह्या चार वह्यांना जोडणारा धागा एकच, आणि तो म्हणजे तिचा रजिस्टर-क्रमांक. शाळा सोडण्याचा दाखला लिहितांना कारकून हा धागा धरून वह्यांतून एक मुलगी पुन्हां उभी करतो. आणि नवी मुलगी शाळेंत आली म्हणजे तो तिला उलट वह्यांच्या रकान्यांत पसरून ठेवतो. ही जी जमवाजमव आणि पसरणी, तेंच मॅपिंग.

आपल्या पूर्वजांना ही विद्या नवी नव्हती. रोजकीर्दींत दिवसाच्या क्रमानें लिहिलेली रक्कम खतावणींत नांवानिशीं उतरविणें हें आपल्या कारकुनांचें नित्याचें काम होतें. जमिनीच्या दप्तरांतहि तेंच दिसतें. सातबाराचा उतारा शेताचा, म्हणून तो गट-क्रमांकानें निघतो. आठ-अचा उतारा खातेदाराचा, म्हणून तो खाते-क्रमांकानें निघतो. आणि जमिनीचा हक्क पालटला कीं त्याची नोंद प्रथम सहा नंबरच्या फेरफार नोंदवहींत होते. शेतकरी एक, शेतें अनेक. शेत एक, वारसदार अनेक. ह्या गुंत्यांत कोणतीहि गोष्ट दोनदां न लिहितां सर्व कांहीं सांपडावें, हीच दप्तराची खरी कसोटी.

आतां समुद्रापलीकडे जाऊं. संगणकांत माहिती साठविण्याचें काम १९६० नंतरच्या दशकांत जोरांत सुरू झालें. पण तेव्हांची रीत मोठी कष्टाची होती. कोणती नोंद कोणत्या नोंदीच्या खालीं टांगलेली आहे, ती वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पाठ असावी लागे. वाट पालटली कीं प्रोग्रॅम बंद पडे. ह्या दुखण्यावर एडगर कॉड ह्या गणितज्ञानें औषध काढलें. कॉड हा जन्मानें इंग्रज. दुसऱ्या महायुद्धांत तो ब्रिटिश विमानदलांत वैमानिक होता, आणि पुढें अमेरिकेंत आयबीएम कंपनींत नोकरीस लागला. १९७० च्या जूनमध्यें त्यानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी; प्रत्येक ओळीला तिची ओळख पटविणारी एक किल्ली असावी; एका कोष्टकानें दुसऱ्याचा उल्लेख करावयाचा तो केवळ त्या किल्लीनें करावा; आणि माहिती यंत्राच्या पोटांत कोठें पडली आहे याची पंचाईत वापरणाऱ्याला पडूं नये. अशा रचनेला 'रिलेशनल' म्हणतात. पुढें १९७४ सालीं आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं ह्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तिचेंच पुढचें रूप म्हणजे आजची एस्‌क्यूएल. कॉडला १९८१ सालीं संगणकशास्त्रांतील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

ही झाली वहीची बाजू. वस्तूची बाजू नॉर्वे देशांत वाढत होती. ऑस्लो येथें ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड ह्या दोघांना बंदरें, कारखाने, गिऱ्हाइकांच्या रांगा अशा खऱ्या व्यवहारांची प्रतिकृति संगणकांत उभी करावयाची होती. त्यासाठीं त्यांनीं सिम्युला नांवाची भाषा रचली. तिची १९६७ ची आवृत्ति प्रसिद्ध आहे. तींत प्रोग्रॅम म्हणजे नुसती आज्ञांची यादी नव्हे, तर वस्तूंचा मेळावा होता. प्रत्येक वस्तूजवळ स्वतःची माहिती असते आणि ती माहिती कशी वापरावी याचें ज्ञानहि तिच्याचजवळ असतें. १९७० नंतर अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत ॲलन के यांच्या पुढाकारानें स्मॉलटॉक ही भाषा निर्माण झाली, आणि १९९५ सालीं आलेल्या जावा भाषेनें हा विचार घरोघर पोंचविला.

अशा प्रकारें दोन्ही घराणीं आपापल्या जागीं नांदत होतीं; पण त्यांचा विवाह जुळविण्याची वेळ आली, तेव्हां पत्रिका जमेना. मौज पाहा. वस्तूंच्या जगांत वर्गशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांचा हात थेट धरून उभा असतो. वहींत मात्र विद्यार्थ्याच्या ओळींत शिक्षकाचा केवळ क्रमांक असतो. एक मुलगा अनेक विषय घेतो आणि एक विषय अनेक मुलें घेतात, हें वस्तूंच्या जगांत सहज घडतें; वहीला त्यासाठीं तिसरेंच एक कोष्टक घालावें लागतें. शिक्षक, कारकून आणि शिपाई हे तिघेहि शाळेचे नोकर, हें वस्तूंच्या भाषेंत एका शब्दांत सांगतां येतें. वहीला मात्र विचार पडतो. तिघांसाठीं एकच रुंद कोष्टक करून नको ते रकाने मोकळे ठेवावे, कीं तिघांचीं तीन वेगळीं कोष्टकें करावीं, कीं समान मजकूर एकीकडे ठेवून विशेष मजकूर दुसरीकडे न्यावा? तिन्ही मार्ग चालतात, आणि तिन्ही मार्गांत कोठें ना कोठें कांटा आहे. ह्या विजोडपणाला पाश्चात्य लोक 'इंपीडन्स मिसमॅच' म्हणतात. हा शब्द त्यांनीं विद्युत्-शास्त्रांतून उसना घेतला आहे.

प्रारंभीं ही दुभाष्याची कामगिरी प्रोग्रॅम लिहिणारा स्वतःच करी. प्रत्येक वस्तूसाठीं वहींतून वाचण्याच्या आज्ञा निराळ्या, लिहिण्याच्या निराळ्या, खोडण्याच्या निराळ्या. काम कंटाळवाणें, आणि कंटाळ्याच्या पोटीं चुका. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत हें काम यंत्राकडेच सोंपविण्याचे प्रयत्न सुरू झाले. कॅनडांतील एका मंडळीनें स्मॉलटॉकसाठीं टॉपलिंक नांवाचें साधन तयार केलें. अमेरिकेंत नेक्स्ट कंपनीनें १९९४ च्या सुमारास आपलें साधन पुढें आणलें. २००१ सालीं ऑस्ट्रेलियांत गॅव्हिन किंग यांनीं जावा भाषेसाठीं 'हायबरनेट' हें साधन सुरू केलें, आणि तें सर्वांस विनामूल्य खुलें ठेवलें. त्यामुळें त्याचा प्रसार फार झपाट्यानें झाला. २००२ सालीं मार्टिन फाउलर यांनीं आपल्या ग्रंथांत ह्या दुभाष्यांच्या जाती लावून दिल्या. एका जातींत वस्तु स्वतःच वहीपाशीं जाऊन आपली नोंद करते. दुसरींत वस्तूला वहीची दादच नसते, मधला कारकून सर्व पाहतो. लहान शाळेंत हेडमास्तरच रजिस्टर लिहितो आणि मोठ्या शाळेंत त्यासाठीं निराळा कारकून असतो, तसाच हा भेद. २००४ सालीं आलेलें रेल्स पहिल्या जातीचें. आणि अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मून २००५ सालीं जगापुढें आलेलें जँगो, त्यांतील दुभाष्याहि त्याच वळणाचा.

असा दुभाष्या साधारणपणें तीन गोष्टी करतो. पहिली, वस्तूचा प्रकार म्हणजे कोष्टक, वस्तु म्हणजे ओळ आणि वस्तूचा गुण म्हणजे रकाना, ही जुळणी तो लक्षांत ठेवतो. दुसरी, किल्लीवरून तो ओळख राखतो; म्हणजे एकाच क्रमांकाची मुलगी कामाच्या ओघांत दोनदां मागितली, तरी तो दोन मुली उभ्या करीत नाहीं. तिसरी, झालेले सर्व फेरफार तो एका वेळीं वहींत उतरवितो; उतरले तर सगळे उतरतात, नाहीं तर एकहि नाहीं. फी जमा झाली पण पावती फाडली नाहीं, असा अर्धवट प्रकार तो होऊं देत नाहीं. एवढी सेवा करणारा नोकर कोणाला नको असेल?

परंतु श्रोतेहो, चांगला नोकर मिळाला म्हणजे धन्याला झोंप लागते, आणि तेथेंच घात होतो. कल्पना करा, चाळीस मुलांची यादी करून प्रत्येकाच्या वडिलांचें नांव लिहावयाचें आहे. शहाणा कारकून रजिस्टर एकदांच टेबलावर आणतो आणि चाळीस नांवें उतरून घेतो. आळशी हुकूम दिला तर शिपाई एकदां यादीसाठीं जातो आणि नंतर प्रत्येक मुलासाठीं एकेक, अशा एकूण एकेचाळीस खेपा दप्तराच्या खोलीकडे घालतो. यंत्रांतील दुभाष्याहि, त्याला नीट सांगितलें नाहीं तर, असेंच करतो. मुलें चाळीस असेपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. चाळीस हजार झालीं म्हणजे सारी कचेरी ठप्प होते, आणि धनी म्हणतो कीं वहीच मंद आहे. ह्या असल्या अनुभवांमुळें २००६ सालीं टेड न्यूअर्ड नांवाच्या लेखकानें ह्या सर्व खटाटोपाची तुलना व्हिएतनामच्या युद्धाशीं केली. आरंभीं सोपा विजय, मग वाढता गुंता, आणि शेवटीं मागें फिरण्याची वाट नाहीं, असा त्याचा आक्षेप. आक्षेप कडक आहे, पण अगदींच खोटा नाहीं. तरीहि दुभाष्ये टिकले, कारण रोजच्या कामांपैकीं बहुतेक कामें साधींच असतात.

माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो मी पुस्तकांतून घेतलेला नाहीं. निवृत्त होण्यापूर्वीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें दाखले संगणकावरून निघूं लागले होते. एकाच नांवाच्या दोन मुली आमच्याकडे होत्या. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव, आडनांव, तिन्ही तींच. वर्ग मात्र निराळे. प्रोग्रॅम रचणाऱ्यानें मुलगी ओळखण्याची किल्ली म्हणून रजिस्टर-क्रमांक न घेतां पूर्ण नांव घेतलें होतें. दुभाष्यानें बिचाऱ्यानें सांगितलें तेंच केलें, म्हणजे दोघींना एक मानलें. आणि थोरलीच्या दाखल्यावर धाकटीची जन्मतारीख उमटली. दाखला सुबक होता, अक्षर न अक्षर छापील. मीं रजिस्टर उघडून न पाहतां त्यावर सही केली. त्या मुलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठीं जावयाचें होतें. वय कमी दिसल्यामुळें अर्ज परत आला. दुरुस्तीसाठीं तिच्या वडिलांनीं शेतीचीं कामें टाकून खेपा घातल्या. आणि दुरुस्त दाखला हातीं पडला तेव्हां प्रवेशाची मुदत संपली होती. तिचें एक वर्ष गेलें. पुढील वर्षीं तिला प्रवेश मिळाला, ती आज नोकरी करते, आणि भेटली म्हणजे वाकून नमस्कार करते. त्या नमस्कारानें मला अजूनहि संकोच वाटतो.

पूर्वींच्या काळीं अशा चुका होत नव्हत्या असें मी म्हणत नाहीं. हातानें लिहितांनाहि होत. पण हातानें लिहिणारा कारकून रजिस्टर उघडी, आणि एकाखालीं एक दोन सारखीं नांवें दिसलीं म्हणजे त्याचा टांक थबके. यंत्रानें आमचे श्रम वांचविले, त्याबरोबर तें थबकणेंहि वांचविलें. शेगांवच्या पत्रांचा दोष आमच्या गांवींच घडलेला. तो मुलांना वर्गांत सांगून मीं हंशा पिकविला होता. आणि तोच दोष माझ्या सहीखालून निघून गेला.

हा प्रश्न केवळ शाळेच्या दाखल्यापुरता नाहीं. येथून जवळच कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या श्रमांतून लहानशा दवाखान्याच्या रूपानें तें उभें राहिलें, आणि १९६९ सालीं त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय निघालें. दूरदूरच्या खेड्यांतून रोगी तेथें येतात. अशा कोणत्याहि मोठ्या रुग्णालयांत एकच रोगी किती ठिकाणीं विखुरलेला असतो, हें मनांत आणा. रक्ताची तपासणी एकीकडे, औषधांची यादी दुसरीकडे, क्षकिरणांचें चित्र तिसरीकडे. वैद्यापुढें मात्र ते सारे भाग एका माणसाच्या रूपानें आले पाहिजेत, आणि त्याच माणसाच्या रूपानें आले पाहिजेत. आमच्या भागांत एका नांवाचे चार जण एका गल्लींत निघतात. तेथें किल्ली चुकली तर नुकसान एका वर्षाचें होणार नाहीं.

मग दुभाष्याला काढून टाकावें काय? मुळींच नाहीं. चरख्याचा अभिमान बाळगणाऱ्या ह्या गांवांत राहूनहि मी यंत्राचा वैरी नाहीं. ह्या गांवांतून निघालेला दुसराच एक विचार मला येथें उपयोगी वाटतो. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि तींतून नई तालीम जन्मास आली. हस्तोद्योगांतून शिक्षण, हें तिचें मुख्य सूत्र. जो सूत काततो त्यानें कापूस वेंचण्यापासून पिंजण्यापर्यंतचा सारा क्रम जाणावा. पेळू आयता आला तरी तो कसा झाला हें त्याला ठाऊक असावें. जन्मभर पेळू दुसऱ्यानें करून दिला तर कांहीं बिघडत नाहीं. पण धागा तुटूं लागला म्हणजे दोष चातीचा, हाताचा कीं पिंजणाचा, हें त्याला ओळखतां आलें पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हेंच सांगितलें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे नव्या मुलांना आम्ही आधीं कोष्टकें हातानें मांडावयास लावतों, प्रश्नहि हातानें लिहावयास लावतों, दुभाष्या त्यानंतर." तें ऐकून मला बरें वाटलें. दोन्ही भाषा जाणणाऱ्यानें दुभाष्या ठेवावा. त्यांत त्याचा वेळ वांचतो. एकच भाषा जाणणारा मात्र दुभाष्याच्या स्वाधीन होतो, आणि त्याच्या चुकीचें मोल दारांत उभा असलेला तिसराच माणूस भरतो.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांना प्रोग्रॅम कधींहि लिहावयाचा नाहीं. पण दाखला, उतारा, दवाखान्याचा कागद आपल्या सर्वांच्याच हातीं येतो. तो घेतांना नांवाखालचा क्रमांक एकदां वाचून पाहत जा. आणि आपण स्वतः सही करणारे असाल, तर मूळ वही उघडल्यावांचून टांक टेकवूं नका. त्या ओळीच्या पलीकडे एक जिवंत माणूस आहे, आणि वहीला तो दिसत नाहीं.